एसी, गीझर, फ्रिज: तापमान किती ठेवलं म्हणजे वीजबिल उतरेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की मला एसीचे निरोप यायला लागतात, आणि दिवाळी झाली की गीझरचे. एसी-गीझर बसवण्याची आणि दुरुस्तीची कामं करतो, त्यामुळे "बिल फार येतंय, कितीवर ठेवू?" हे गिऱ्हाईक विचारतात, शेजारी विचारतात, लग्नाच्या पंगतीत नातेवाईकही विचारतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पुढची उत्तरं समजायला सोपी जावीत म्हणून एक गोष्ट आधी सांगतो. एसीत आकडा आणि तास दोन्ही बघायचे, गीझरमध्ये तास बघायचे आणि फ्रिजमध्ये दार. बहुतेक घरांत मी उलटं बघतो. एसीच्या रिमोटवरून भांडणं होतात आणि गीझर मात्र सकाळभर कुणाच्या लक्षात न येता चालू असतो.

१. थर्मोस्टॅट म्हणतात तो असतो कुठे? आमच्या भिंतीवर तर असलं काही नाही.

थंडीच्या देशांत अख्ख्या घराचं तापमान सांभाळणारी एक डबी भिंतीवर असते (तिच्याबद्दल प्रश्न १७ मध्ये). आपल्याकडे तो प्रत्येक यंत्राच्या पोटात असतो. गीझरमध्ये टाकीत घुसलेली दांडी, एसीत इनडोअर युनिटच्या जाळीमागचा छोटा सेन्सर, साध्या फ्रिजमध्ये आतल्या नॉबमागे. ठरवलेलं तापमान आलं की यंत्र थांबवायचं आणि ते ढळलं की पुन्हा चालू करायचं, एवढंच त्याचं काम. आमच्या भाषेत याला 'कटऑफ' म्हणतात. टायमर वेगळा. त्याला तापमान कळत नाही, तो फक्त घड्याळ बघतो. बिल उतरवायचं तर दोघांनाही कामाला लावावं लागतं.

२. एसी कितीवर ठेवायचा, एकच आकडा सांगा.

झोपायच्या खोलीत २६, सोबत हळू पंखा. तिथून सुरुवात करा आणि आठवडाभर बघा. उकडलं तर २५ करा, पहाटे पांघरूण ओढावं लागलं तर २७.

एक अंश वर नेला की एसीची वीज साधारण ६ टक्क्यांनी कमी होते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो म्हणजे बीईई सांगते. कारण सोपं आहे. बाहेर ३६ आणि आत २४ असेल तर फरक १२ अंशांचा. आत २६ ठेवलं की तो १० चा झाला. भिंतींतून आणि खिडक्यांतून आत झिरपणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे ती सहाव्या हिश्शाने कमी झाली. एसीला तेवढी कमी उष्णता बाहेर फेकावी लागते.

१ जानेवारी २०२० पासून भारतात विकल्या जाणाऱ्या स्टार लेबलच्या घरगुती एसींना सुरुवातीचं तापमान २४ देणं बंधनकारक आहे. पण २४ म्हणजे कायमचा आकडा, असा त्याचा अर्थ नाही. रिमोट तुमच्या हातात आहे.

३. सरकार २० च्या खाली एसी लावूच देणार नाही म्हणे?

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी एसीची मर्यादा २० ते २८ अंश करण्याचा मानस जाहीर केला होता. तुमच्या बिलासाठी त्याची वाट बघायची गरज नाही.

४. १८ वर लावला की खोली लवकर थंड होते, मग नंतर वाढवायचा. बरोबर ना?

साध्या, म्हणजे बिनइन्व्हर्टरच्या एसीत अजिबात नाही. त्याचा कॉम्प्रेसर एक तर पूर्ण चालतो, नाही तर बंद असतो. १८ लावा की २६, गारवा त्याच गतीने येतो. १८ लावला तर तो २६ ला थांबत नाही, एवढाच फरक.

इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर वेग कमी-जास्त करतो. तरी खोली ३३-३४ वर तापलेली असेल, तर २६ लावूनही तो सुरुवातीला जोरातच पळतो. घाई असेल तर टर्बोचं बटण दाबा आणि पंखा वाढवा. नाही तर होतं काय, की "नंतर वाढवू" म्हणून १८ वर लावलेला एसी माणूस झोपल्यावर रात्रभर १८ वरच राहतो.

डोंबिवलीतल्या एका काकूंकडे मी सर्व्हिसिंगला गेलो होतो. त्यांची तक्रार बिलाची होती. बेडरूममध्ये गेलो तर रिमोटवर १८ आणि पलंगावर दोन गोधड्या नीट घडी करून ठेवलेल्या. विचारलं तर म्हणाल्या, "अहो, पहाटे फार गार होतं ना, म्हणून." मी रिमोट २६ वर आणला आणि स्लीप मोड लावून दिला. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा पलंगावर एक पातळ चादर होती. काकूंनी बिल नाही, आधी ती चादर दाखवली.

५. रिमोटवर २४ आहे, पण माझ्या थर्मामीटरवर २७ दिसतात. एसी बिघडलाय का?

बिघडलेला असेलच असं नाही. एसीचा सेन्सर छताजवळ, स्वतःच्याच गार झोताजवळ असतो, तुम्ही पलंगावर असता. दोन्हीकडे फरक पडतोच. काही रिमोटमध्ये 'आय फील' किंवा 'फॉलो मी' असं बटण असतं. ते दाबलं की रिमोटमधला सेन्सर वापरला जातो, मग रिमोट उशाशी ठेवायचा. उशीखाली किंवा पांघरुणात गेला तर एसीला वाटतं खोली तापलीय आणि तो उगाच पळत राहतो.

फरक तीन-चार अंशांहून जास्त असेल तर आधी फिल्टर काढून नळाखाली धुवा. उन्हाळ्यात दर दोन आठवड्यांनी, रस्त्यालगत घर असेल तर आठवड्याला. फिल्टर चोंदला की हवा कमी येते, आकडा गाठायला वेळ लागतो आणि तेवढी वीज जाते. त्यानंतरही खोली थंड होत नसेल तर मेकॅनिकला बोलवा. पण आल्या आल्या "गॅस भरावा लागेल" म्हणाला, तर आधी प्रेशर मोजून दाखवायला सांगा. गॅस बंद नळीत फिरतो, वापराने संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच.

६. रात्री टायमर कसा लावू? मध्येच बंद झाला की जाग येते.

सगळ्यात जास्त बचत या एका प्रश्नात आहे.

पहाटे चार-साडेचारच्या सुमारास शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं. बाहेरची हवाही तेव्हाच उतरलेली असते. म्हणजे जेव्हा एसी सर्वांत कमी लागतो, तेव्हाच तो रात्री दहाच्याच आकड्यावर चाललेला असतो. स्लीप मोडचं काम हेच. बऱ्याच एसींत तो तासाला एक अंश या हिशोबाने तापमान दोनेक अंश वर नेतो आणि तिथे थांबवतो.

मी असं लावायला सांगतो: झोपायच्या अर्धा तास आधी २५, दार-खिडक्या बंद. झोपताना स्लीप मोड, म्हणजे मध्यरात्रीपर्यंत २७. ऑफ टायमर साडेचारला. पंखा पहिल्यापासून चालू ठेवायचा, म्हणजे एसी थांबल्यावर हवा एकदम थबकत नाही. जाग येते ती बहुतेक वेळा त्या थबकण्याने येते, उकाड्याने नाही. तरीही आलीच तर टायमर अर्ध्या अर्ध्या तासाने पुढे न्या, कुठेतरी जमतंच.

अपवाद वरच्या मजल्याचा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता खाली सोडत राहतो. पश्चिमेच्या भिंतीचंही तेच. अशा खोलीत एसी बंद केला की अर्ध्या तासात भट्टी होते. तिथे ऑफ टायमरच्या नादी लागू नका, सरळ २७ वर रात्रभर चालू द्या. आणि उन्हाळ्याआधी गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग लावता आला तर लावा.

७. एसीसोबत पंखा लावला तर विजेचा डबल खर्च नाही का?

पंखा लावून एसीचा आकडा तोच ठेवला तर हो, खर्च वाढतो. पंखा हवा थंड करत नाही, अंगावरचा घाम सुकवून गार वाटायला लावतो. फायदा होतो तो एसी वर नेल्यावरच.

हिशोब करून बघू. समजा एसी रात्री ५ युनिट खातो. एक अंश वर नेला की ६ टक्के, म्हणजे ०.३ युनिट वाचले. जुना ७५ वॅटचा पंखा पूर्ण वेगाने ८ तास चालला की ०.६ युनिट घेतो. म्हणजे एकच अंश वाढवला तर तुम्ही तोट्यात, दोन अंशांनी बरोबरी, तिसऱ्या अंशापासून फायदा. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो, रात्रीत ०.२४ युनिट. तिथे पहिल्या अंशापासूनच फायदा आहे.

जुन्या पंख्यालाही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल आणि तो दोन-तीनवर ठेवला, तर वीज बरीच कमी लागते. जुना, हाताला गरम लागणारा ठोकळ्याचा रेग्युलेटर असेल तर तो आधी बदला. पंख्याची वाचलेली वीज तो स्वतःच तापून घालवतो.

८. सारखं बंद-चालू करण्यात जास्त वीज जाते, त्यापेक्षा चालूच ठेवलेला बरा असं ऐकलंय.

अर्ध्या तासापेक्षा जास्त खोलीबाहेर जात असाल तर बंद करा. चालू करताना लागणारा जादा करंट क्षणभराचा असतो, मीटरवर तो जवळजवळ दिसतही नाही. खोली पुन्हा गार करायला जी वीज लागते, ती मधल्या काळात वाचलेल्या विजेपेक्षा कमीच असते. दूध आणायला खाली जाताय तर मात्र राहू द्या, आकडा दोनने वर करा. बंद केला की लगेच चालू करू नका, कॉम्प्रेसरला तीनेक मिनिटं द्या. हाच प्रश्न गीझरबद्दलही येतो, त्याचं उत्तर प्रश्न ११ मध्ये.

९. ड्राय मोडने बिल कमी येतं का?

ड्राय मोडचं मुख्य काम हवेतला ओलावा काढणं. कोकण, मुंबई, गोवा इथे जून ते सप्टेंबर वापरून बघा. तेव्हा हवा फार तापलेली नसते, दमट असते. ड्राय मोडमध्ये पंखा हळू आणि कॉम्प्रेसर थांबत-थांबत चालतो, त्यामुळे वीज कमी लागते. एप्रिल-मेच्या दुपारी त्याने भागत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की ड्राय मोडला तिथे काही कामच नाही. तिकडे वाळ्याच्या कूलरने भागतं, आणि त्याला एसीच्या मानाने फारच थोडी वीज लागते. तोच कूलर दादरला लावला तर खोलीत नुसता दमटपणा.

१०. गीझर किती अंशांवर ठेवावा?

५५ ते ६०. कमाल ७०-७५ वर ठेवून बादलीत गार पाणी मिसळण्यात तीन तोटे आहेत. टाकी बाहेरच्या हवेपेक्षा जितकी गरम, तितकी उष्णता निसटते. बोअरचं जड पाणी असेल तर ६० च्या वर क्षार भराभर जमतात आणि कॉइल जळते. आणि लहान मुलाने गरम पाण्याचाच नळ सोडला तर भाजतं. ५० च्या खालीही कायम ठेवू नका, कोमट साठ्यात जंतू वाढतात.

पण बिल फक्त हा नॉब फिरवून फारसं उतरणार नाही. अंघोळीला लागणारी बादली शेवटी ४० अंशांचीच असते. ७० चं थोडं पाणी आणि जास्त गार, किंवा ५५ चं जास्त पाणी आणि थोडं गार, बादलीतली उष्णता तितकीच. फरक पडतो तो टाकीत उरलेल्या पाण्यात. म्हणून पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

नॉब बाहेर नसेल तर तो खालच्या झाकणाच्या आत असतो. एमसीबी पाडल्याशिवाय ते झाकण उघडू नका. खरं तर स्वतः उघडूच नका.

११. गीझर ऑटो कटऑफ आहे, मग चालू ठेवला तर काय बिघडलं?

पाणी निवतं, कटऑफ पुन्हा जोडला जातो, पाणी पुन्हा तापतं. कुणी न अंघोळ करता हे दिवसभर चालतं.

२५ अंशांचं २५ लिटर पाणी ६० वर न्यायला जवळपास १ युनिट लागतो, १५ लिटरला सुमारे ०.६. २ किलोवॅटची १५ लिटरची टाकी अठरा-वीस मिनिटांत तापते. त्या टाकीभर पाण्यात गार मिसळून ४० अंशांचं पस्तीसेक लिटर पाणी होतं, म्हणजे दोन लहान बादल्या. आता तुमच्या घरात किती बादल्या लागतात ते मोजा, वेळ आपोआप ठरेल.

चौघांचं घर असेल तर अंघोळी पाठोपाठ उरका. पहिल्याने पाऊण तास आधी बटण दाबलं आणि शेवटच्याने दीड तासाने अंघोळ केली, की मधली निवलेली उष्णता पुन्हा विकत घ्यावी लागते. शेवटच्या माणसाच्या आधीच बटण बंद करायचं, टाकीत उरलेलं गरम पाणी त्याला पुरतं. हे पाळणारं घर मला क्वचित दिसतं, पण ज्यांनी पाळलं त्यांचं हिवाळ्याचं बिल उतरलेलं मी पाहिलं आहे.

१२. फ्रिजच्या नॉबवर १ ते ७ आकडे आहेत. बिल कमी करायला ७ वर ठेवायचा ना?

उलट. ते अंश नाहीत, गारव्याची पायरी आहे. ७ म्हणजे सर्वांत थंड आणि सर्वांत जास्त वीज. उन्हाळ्यात ४, थंडी-पावसात २-३. खात्री करायची तर मधल्या फळीवर पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर ठेवा, सकाळी ३ ते ५ अंश दिसले की ठीक. डिजिटल फ्रिज असेल तर खाली ४, फ्रीझरला उणे १८. त्याहून गार ठेवून काही मिळत नाही. दाराचं रबर मात्र तपासा: नोट अडकवून दार लावा, ओढल्यावर सहज सुटून आली तर रबर गेलं.

१३. महिन्याला २५-३० युनिट वाचून असा काय फरक पडणार?

वाचलेले युनिट तुमच्या सर्वांत महाग दराचे असतात, म्हणून पडतो. महाराष्ट्रात घरगुती वीज टप्प्यांनी आकारतात: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्यापेक्षा बराच जास्त आहे, तिसऱ्याचा आणखी वर. बाकी घराचा वापर २९० असेल आणि एसीने १२० वाढवले, तर एकूण ४१० पैकी ११० तिसऱ्या टप्प्यात पडले. तुम्ही ३० वाचवलेत की ते वरचे ३० जातात, स्वस्तातले १०० आहेत तिथेच राहतात. शिवाय आकारावर १६ टक्के वीज शुल्क असतं, तेही तेवढं कमी होतं.

१४. नवीन टीओडी मीटर बसलाय. वेळा बदलू का?

टीओडी मीटर म्हणजे वीज कोणत्या वेळी वापरली तेही नोंदवणारा मीटर. महावितरणने जुलै २०२५ पासून असा मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटमागे सवलत द्यायला सुरुवात केली. घरी असणाऱ्यांनी वॉशिंग मशीन, इस्त्री, पाण्याचा पंप त्या वेळात आणावा. उशिरा अंघोळ करणारं कुणी असेल तर त्याचं पाणी ९ नंतर तापवा. रात्रीचा एसी दुपारी नेता येत नाही, त्यासाठी प्रश्न ६ चंच उत्तर.

१५. खरंच वाचतंय का ते बिल यायच्या आधी कसं कळेल?

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी ३२०० सारखा आकडा छापलेला असतो. तितक्या लुकलुकीला एक युनिट. एसी सोडून घरातलं सगळं दहा मिनिटं बंद करा आणि एक मिनिट लुकलुक मोजा. ती संख्या गुणिले ६०, भागिले ३२००, म्हणजे ताशी युनिट.

एका घरी मी त्यांच्या नववीतल्या मुलीला हे करायला लावलं. जिन्यात, मोबाइलची बॅटरी मीटरवर धरून, ती मोठ्याने मोजत होती. एसी नुकताच लावलेला असताना ८० आले, म्हणजे तासाला दीड युनिट. चाळीस मिनिटांनी, २६ वर खोली स्थिरावल्यावर २४ आले, म्हणजे ०.४५ युनिट. तिने आकडे फ्रिजवर चिकटवले. बाबांनी २० वर नेला की ती पुन्हा मोजून येते.

१६. घरात म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ आहे. बचतीसाठी तापमान वाढवलेलं चालेल?

एरवी २६-२७ आणि हळू पंखा, झोत थेट अंगावर नको, हे त्यांनाही मानवतं. पण विदर्भ-मराठवाड्यातल्या उष्णतेच्या लाटेत, हृदयविकार किंवा रक्तदाबाची औषधं चालू असलेल्या माणसाच्या खोलीत, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीत बचतीचा विचारच करू नका. ऑफ टायमर तर मुळीच लावू नका. वय वाढलं की उकाडा लवकर जाणवत नाही, आजोबा "मला काही होत नाही" म्हणतात आणि शरीर तापत राहतं. त्या खोलीची वीज गीझरमधून वाचवा.

१७. आम्ही मुलाकडे न्यूजर्सीत आलोय. भिंतीवरचा थर्मोस्टॅट आम्ही वाढवतो, तो परत खाली जातो. काय करायचं?

तो प्रोग्रॅम केलेला आहे. उठणं, बाहेर जाणं, परत येणं आणि झोपणं अशा चार वेळांना चार तापमानं लावलेली असतात. नोकरी करणारं जोडपं दिवसभर बाहेर, म्हणून दुपारी घर गार पडू दिलेलं असतं. तुम्ही कुडकुडता आणि ७४ फॅरनहाइट करून 'होल्ड' दाबता. होल्ड दाबलं की वेळापत्रक रद्द होतं आणि तेच ७४ रात्रंदिवस चालू राहतं. भारतात परत आल्यावरही, कुणी लक्ष दिलं नाही तर.

मुलाला सांगा, तुम्ही आहात तोवर 'बाहेर जाणं' ही वेळ काढून टाक. जागेपणी ६८ फॅरनहाइट म्हणजे आपले २०, अंगात स्वेटर, आणि रात्री ब्लँकेटमध्ये असताना ६० च्या आसपास. दिवसातले ८ तास तापमान ७ ते १० फॅरनहाइटने खाली ठेवलं तर वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होते, असं अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं. फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, गॅसवर असेल तर ही बचत मुख्यतः गॅसच्या बिलात दिसेल.

एकदा विचारून घ्या, घरात हीट पंप, म्हणजे उलटा चालून घर गरम करणारा एसी, आहे का. असेल तर तापमान फार खाली नेऊन सकाळी एकदम चढवू नका. हीट पंपाला ती चढण झेपत नाही, मग मदतीला विजेच्या कॉइल लागतात आणि रात्री वाचवलेलं सकाळी निघून जातं. तिथे एकच सोसेल असा आकडा ठेवा, आणि 'इमर्जन्सी हीट' लिहिलेल्या बटणाला यंत्र बंद पडल्याशिवाय हात लावू नका.